तपासनिसांच्या मागे कोणीतरी पळतंय

विमा कंपनीत दावे तपासायची नोकरी माणसानं फार वर्षं करू नये. सुरुवातीला माणूस फक्त कार्यालयात संशय घेतो. मग बाजारात घेऊ लागतो. पुढं पुढं घरची भाजी अळणी झाली तरी 'ही मुद्दाम तर केली नसेल' असं त्याच्या मनात येऊन जातं. आपल्या गोष्टीतल्या गृहस्थांची हीच गत झाली होती. इमारतीत त्यांना सगळे तपासनीस म्हणत आणि ते नाव त्यांना मनातून आवडत असे. कोणाचं गोदाम जळलं आणि कोणी ते जाळलं, कोण जिन्यावरून पडला आणि कोण सावकाश उतरून मग आडवा झाला, हे आपल्याला समोरच्याच्या चहा पिण्यावरून कळतं, असं ते सांगत. खरं बोलणारा माणूस चहा गरम असतानाच पितो, हा त्यांचा सिद्धान्त. त्यापायी चहा निववून पिणाऱ्या एक-दोन निरपराध माणसांचे दावे लटकले होते, पण ते जाऊ दे.

या तपासनिसांना पन्नाशी ओलांडल्यावर धावण्याचा नाद लागला. मागच्या हंगामात ते एका छोट्या शर्यतीत उतरले आणि शेवटचे आले. शेवटचं येणं हा गुन्हा नव्हे, कोणीतरी यावंच लागतं. पण आयोजकांनी काढलेल्या फोटोत त्यांच्या पाठीमागे दोन कामगार रस्त्यावरचे अडथळे उचलून टेम्पोत टाकत होते, आणि समोर शर्यतीची कमान अर्धी उतरवलेली होती. बाईंनी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. बाई म्हणजे त्यांची पत्नी. शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे त्यांना घरीदारी सगळे बाईच म्हणत. फोटोखाली त्यांनी एवढंच लिहिलं, 'हे परत आले.' सासूबाईंनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मेव्हण्यानं विचारलं, 'कुठून?'

त्या 'कुठून'नं तपासनिसांची झोप उडवली. हिवाळा लागला तसा त्यांनी निश्चय केला: पुढच्या हंगामात थेट अर्धी मॅरेथॉन धावायची, थंडीभर सराव करायचा आणि घरात कोणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. बाईंना त्यांनी सांगितलं, "डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलंय."

"कोणत्या डॉक्टरांनी?" बाईंनी विचारलं.

"आहेत एक."

इतक्या वर्षांच्या नोकरीत असं उत्तर कोणी दिलं असतं, तर तपासनिसांनी त्याची फाईल लाल फितीनं बांधली असती. स्वतःच्या तोंडून मात्र ते त्यांना अगदी नैसर्गिक वाटलं.

पहिलंच संकट कपड्यांचं आलं. खेळाच्या सामानाच्या दुकानदारानं त्यांना थंडीसाठी एक काळी, अंगाला चिकटणारी विजार दिली. ती हातात घेतली तर लहान मुलाची वाटे आणि पायात चढवली की तपासनिसांचं सगळं आयुष्य बाहेरून दिसे. ती घालून बेडरूममधून निघणं शक्यच नव्हतं. म्हणून ते साध्या पॅन्टमध्ये बाहेर पडत, खाली स्कूटरच्या डिकीतून विजार नि बूट काढत आणि मीटरच्या खोलीत उभ्यानं कपडे बदलत. तिसऱ्या का चौथ्या दिवशी, ते एका पायावर उभे असताना, तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी दार उघडलं. ते दिवा का लुकलुकतोय ते बघायला आले होते.

तपासनिसांनी तोल सावरायला मीटरची पेटी धरली.

"काही मदत?" दंतवैद्य म्हणाले.

तपासनिसांना सगळं सांगावं लागलं. दंतवैद्य जन्मात कधी बसमागेही धावले नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे धावण्याबद्दल सल्ल्यांना तोटा नव्हता. नाकानंच श्वास घ्या, कारण तोंडानं घेतला की थंडीनं दातांवरचं कवच तडकतं. हे मी धंद्याचं म्हणून सांगत नाही. मुठी आवळू नका. चढावर मनात गाणं म्हणा, उतारावर म्हणू नका. तपासनिसांनी पहिलाच सल्ला पाळला आणि रस्त्यातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाता जाता त्यांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

दुसरी मार्गदर्शक बरी होती. ती फोनमध्ये राहत असे. धावण्याच्या त्या ॲपमध्ये एका तरुणीचा आवाज होता. तो कानात सांगे, "छान. अजून थोडं. मी आहे ना तुमच्यासोबत." तपासनिसांशी इतक्या मायेनं गेल्या कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं, हे खरंच. घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून ते दिवसाचा आढावा ऐकत. "आज तुम्ही कालपेक्षा जास्त वेळ टिकलात," आवाज म्हणे. "विश्रांती घ्या. उद्या पुन्हा भेटू." मग गुडघ्यांना मलम चोळून, मलमाचा वास येऊ नये म्हणून वर भरपूर अत्तर मारून ते चहाला येत.

या काळात बाईंच्या वागण्यात झालेला फरक त्यांच्या नजरेतून सुटला नाही. अखेर धंदाच तो. बाई चहा देताना त्यांच्याकडे टक लावून बघत. एकदा त्यांनी, "अत्तर नवीन दिसतंय," असं म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. पुढं त्या सकाळी लवकर उठू लागल्या. मग रात्री जेवण झाल्या झाल्या घोरू लागल्या. जेवणही दुप्पट झालं. एके दिवशी दाराशी नवे कोरे खेळाचे बूट दिसले.

"हे कशाला?" तपासनिसांनी विचारलं.

"शाळेत क्रीडा दिन आहे."

"बूट ओले कसे?"

"धुतले."

नवे बूट कोण धुतं? तपासनिसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही काहीतरी लपवतेय, एवढं त्यांनी नक्की केलं. पण तेवढ्यात त्यांच्यामागे दोन मोठी लचांडं लागली आणि बुटांचा तपास मागे पडला.

पहिलं लचांड वैद्यकीय दाखल्याचं. पन्नाशीपुढच्या धावपटूंनी 'धावण्यास सक्षम' असा डॉक्टरांचा दाखला आणलाच पाहिजे, असा शर्यतीचा नियम होता. जवळपास एकच डॉक्टर होते आणि त्यांनी एका पडलेल्या माणसाला दिलेला दाखला तपासनिसांनी 'विश्वासार्ह वाटत नाही' असा शेरा मारून परत पाठवला होता. डॉक्टर ते विसरले नव्हते.

"कोणी पाठवलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही. मला धावायचंय."

"कोणापासून?"

तपासनिसांनी शर्यतीचं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "तुम्हाला खरंच दाखला हवाय, की मी दाखले कसे देतो ते बघायचंय?"

"खरंच हवाय हो."

"असं सगळेच म्हणतात, हे तुम्हीच मला कळवलं होतंत."

मग त्यांनी तपासनिसांना पिंजून काढलं. रक्त झालं, छातीचा फोटो झाला, हृदयाचा आलेख झाला, तो पुन्हा झाला, आणि शेवटी डोळे. डोळे कशाला, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "पळताना समोरचं दिसायला हवं." सगळं ठीक निघालं याचं डॉक्टरांना वाईट वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी दाखला लिहिला: 'सदर गृहस्थ तपासणीच्या वेळी माझ्यासमक्ष जिवंत होते. पुढील गोष्टींबाबत मत देता येत नाही.'

शर्यतीच्या कार्यालयातल्या कारकुनानं तो दाखला दोनदा वाचला. "यात धावण्याबद्दल काहीच नाही."

"जिवंत आहे म्हटलंय की."

"जिवंत पुष्कळ लोक असतात, साहेब."

तपासनीस परत डॉक्टरांकडे गेले. विनवण्या केल्या. डॉक्टरांनी पेन उघडून 'हळू धावल्यास हरकत नाही' एवढं वाढवलं. कारकून म्हणाला, हळू म्हणजे किती, ते कसं ठरवायचं? तपासनीस त्याला समजावू लागले की आपण मागच्या वर्षीही धावलो होतो, तेव्हा काही झालं नव्हतं. कारकुनानं चष्मा वर केला आणि त्यांना नीट न्याहाळलं.

"अहो, तुम्ही कमानवाले का?" तो एकदम आपुलकीनं म्हणाला. "आम्ही कमान धरून उभे होतो तुमच्यासाठी. हात भरून आले होते. मग बरोबर, हळूच धावता तुम्ही." आणि त्यानं शिक्का मारला.

असा अपमान होऊन काम झालं. अपमान न होता अडून राहिलं असतं तर बरं, की हेच बरं, यावर तपासनीस घरी येईपर्यंत विचार करत होते.

दुसरं लचांड जास्त गंभीर होतं. त्यांच्या मागे कोणीतरी येत होतं.

आधी वाटलं, भास असेल. सकाळी धुकं इतकं दाट असे की रस्त्यावरचे दिवेसुद्धा कापसात गुंडाळून ठेवल्यासारखे दिसत. बेकरी मागे पडली की शाळेची लांब भिंत लागे, आणि तिथं त्यांना स्वतःच्या पावलांमागे आणखी पावलं ऐकू येत. ते थांबले की ती थांबत. त्यांनी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं वाकून पायांमधून मागे बघितलं, तर दूर, उलटी, एक राखाडी आकृती दिसली. डोक्यावर कोटाची टोपी, तोंडाला मफलर. ती चटकन झाडाआड गेली.

गेल्याच महिन्यात त्यांनी एका गोदामवाल्याचा आगीचा दावा फेटाळला होता. तो जाताना दारात थबकून म्हणाला होता, "बघून घेतो." तेव्हा तपासनिसांना ती नुसती बोलायची पद्धत वाटली होती. आता धुक्यात तिचा अर्थ उमगू लागला. भीतीचा फायदा एवढाच झाला, की त्यांचा वेग वाढला. फोनमधली म्हणाली, "आज कमाल केलीत." मागच्या पावलांनीही तितकीच कमाल केली होती.

इमारतीत शिरताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीतून हाक मारली. काकू पहाटेपासून तिथं उभ्या असत. कोण कधी येतं आणि कधी जातं, यावर त्यांचं बारीक लक्ष असे. "रोजच्या रोज जाता हो. मग जोडीनंच का जात नाही?"

तपासनिसांनी वर बघितलं. ही बाई कोणाबद्दल बोलतेय? हिला त्या गोदामवाल्याचं कळलंय की काय? काही न बोलता ते आत गेले. त्या दिवसापासून काकूंचं नावही त्यांच्या मनातल्या संशयितांत चढलं.

शेवटी त्यांनी दंतवैद्यांना विश्वासात घेतलं. दंतवैद्यांचे डोळे चमकले. दिवसभर लोकांची तोंडं बघणाऱ्या माणसाला अशी संधी वारंवार येत नाही. त्यांनी बेत आखला. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो, तिथं पंपघराच्या भिंतीआड आपण दबा धरायचा. तपासनिसांनी वळण घेऊन थांबायचं. आकृती आली की दंतवैद्यांनी तिच्यावर चादर टाकायची.

"चादर टाकून पुढं काय?" तपासनिसांनी विचारलं.

"पुढं तुम्ही चौकशी करायची. तो तुमचा प्रांत."

त्या सकाळी थंडी अशी होती की शब्द तोंडातून बाहेर पडायला तयार नव्हते. तपासनीस नेहमीप्रमाणे निघाले. शाळेच्या भिंतीपाशी पावलं मागे लागली. टाकीचं वळण आलं. ते वळले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पावलं जवळ आली. एका लयीत येत होती, अजिबात न दमलेली. राखाडी आकृती वळली, दंतवैद्यांनी झेप घेऊन चादर टाकली आणि वरून मिठी मारली. चादरीतून एक कोपर बाहेर आलं आणि दंतवैद्यांच्या जबड्यावर बसलं. दंतवैद्य जमिनीवर बसले. चादरीच्या आतून आवाज आला.

"हात काढा. दोघांनाही बाकावर उभं करीन."

त्या आवाजावर तपासनिसांचे दोन्ही हात आपोआप मागे गेले. चादर खाली पडली. मफलर सुटला. समोर बाई उभ्या होत्या, पायांत क्रीडा दिनाचे बूट.

"तू?" तपासनीस म्हणाले.

"मीच. कुठं आहे ती?"

"कोण ती?"

"मला विचारता? रोज अत्तर मारून कोणासाठी येता? न्हाणीघरात दार लावून कोणाचं बोलणं ऐकता? कालपेक्षा जास्त वेळ टिकलात म्हणाली ना ती? उद्या पुन्हा भेटू म्हणाली ना?" बाईंचा आवाज शेवटी जरा हलला. "काकू म्हणाल्या, काळी विजार घालून चोरासारखे जातात. मी डिकी उघडून बघितली. या वयात कोण घालतं असलं?"

तपासनिसांनी खिशातून फोन काढला. कानात घातलेल्या इअरफोनची वायर त्यातून निसटली आणि त्या शांततेत आवाज मोठ्यानं घुमला. "तुम्ही थांबलात. सगळं ठीक आहे ना? मी आहे तुमच्यासोबत."

बाई फोनकडे बघत राहिल्या.

"यंत्र आहे," तपासनीस म्हणाले. "सगळ्यांशी असंच बोलतं."

"मझ्यासी बोलेल का बगा," जबडा धरून जमिनीवरून दंतवैद्य बोबडं म्हणाले. "मझा दात हलतोय."

दंतवैद्यांना त्यांच्या दारापर्यंत पोहोचवून नवराबायको जिना चढले नाहीत. खालीच पायरीवर बसले. काकू वरून वाकून बघत होत्या, पण ऐकू जाण्याइतक्या जवळ नव्हत्या.

"सांगायचं होतं ना, धावतोय म्हणून," बाई म्हणाल्या.

"सांगून काय, तू फोटो टाकला असतास."

बाईंनी बोटांनी मफलरचा धागा ओढला. "तेवढ्यावरून?"

"'हे परत आले' असं लिहिलं होतंस."

"मग? परतायला इतका उशीर झाला होता. माझा जीव खालीवर होत होता इथं. आलात म्हणून लिहिलं."

तपासनिसांना हे नवीन होतं. त्या वाक्यात त्यांनी थट्टा शोधली होती, टोमणा शोधला होता. काळजी असेल असा संशय त्यांना एकदाही आला नव्हता. आणि दुसरीही एक गोष्ट होती, जी त्यांनी बोलून दाखवली नाही. आपल्यावर या वयात कोणी असला संशय घ्यावा, यानं त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या. दोन महिने थंडीत बायको आपल्यामागे धावली. म्हणजे आपल्यात अजून मागे धावण्यासारखं काहीतरी असणारच.

मग त्यांच्या डोक्यात धंद्यातला प्रश्न आला. "तू रोज माझ्यामागे सगळं अंतर येत होतीस?"

"हो."

"दम नाही लागायचा?"

"पहिले काही दिवस लागला. मग तुम्ही इतके हळू जायचात की मला मधेमधे उभं राहावं लागायचं. झाडांमागे जायचे, ती लपायला नव्हे. तुमच्या पुढं जाऊ नये म्हणून."

गुदगुल्या थांबल्या.

बाईंनीही शर्यतीसाठी नाव द्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितली, हसून "जरूर धावा" म्हणाले आणि चहा यायच्या आत दाखला दिला. कारकुनानं एक अक्षरही विचारलं नाही. तपासनिसांना यात काहीतरी काळंबेरं वाटलं, पण ते सिद्ध करता येईना. उरलेली थंडी दोघं एकत्र धावले. बाई मात्र सवयीनं मागेच राहत. पुढं आल्या की रस्ता चुकल्यासारखं वाटतं, असं म्हणत. भूगोलाच्या शिक्षिकेनं असं म्हणावं, हेही तपासनिसांना संशयास्पद वाटे.

शर्यतीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. दंतवैद्य रस्त्याच्या कडेला उभे राहून, एक दात कमी असलेल्या तोंडानं, नाकानं श्वास घ्या असं ओरडत होते. पहिली बारा-तेरा किलोमीटर बरी गेली. मग तपासनिसांच्या पायांत जणू कोणी वाळू भरली. गर्दी पुढं निघून गेली, रस्ता रिकामा झाला आणि मागून एक पांढरी गाडी अगदी सावकाश येऊ लागली. मागे पडलेल्यांना उचलून नेणारी गाडी ती. दार उघडं होतं. आत गुबगुबीत बाकं होती. दोन-तीन माणसं आधीच बसून पाय पसरून बिस्किटं खात होती. चालक काही बोलत नव्हता. नुसता बघत होता.

बाई त्यांच्या दोन पावलं मागे होत्या. त्यांचा श्वास ऐकूही येत नव्हता. तपासनिसांना ते सहन होईना. ते थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

"तू जा पुढं," ते म्हणाले. "तुला सहज जाता येईल. उगाच माझ्यावर दया करू नकोस."

"दया कोण करतंय?" बाई म्हणाल्या. "संशय आहे मला."

"कसला?"

"मी पुढं गेले, की तुम्ही त्या गाडीत बसाल."

तपासनिसांनी मान वर केली. ती गोष्ट त्यांच्या मनात येऊन दोनच मिनिटं झाली होती. कोणाला सांगितलेली नव्हती. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या पोटातलं ओठांवर आणलं होतं, पण आपण असे काचेचे असू हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी गाडीच्या चालकाकडे बघितलं. चालकानं नजर दुसरीकडे वळवली. मग ते सरळ झाले, विजार वर ओढली आणि धावू लागले. फार हळू, पण धावूच लागले.

त्यानंतरचा रस्ता कसा संपला ते त्यांना नीट सांगता येत नाही. बाई मधेमधे "डावीकडे" किंवा "खड्डा" एवढंच म्हणत. गाडी कंटाळून मागे राहिली. शेवटच्या वळणावर काही माणसं अजून उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई पहिल्यांदाच त्यांच्या बरोबरीला आल्या. दोघं खांद्याला खांदा लावून रेषेकडे निघाले आणि अगदी रेषेवर, तपासनिसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, बाईंचा उजवा पाय पुढं गेला.

थोड्या वेळानं दोघं फुटपाथच्या कडेवर बसले होते. बाई बुटाची नाडी सोडत होत्या.

"शेवटी तू पाय पुढं टाकलास," तपासनीस म्हणाले.

"टाकला."

"मुद्दाम?"

"मग काय चुकून?"

इतका सरळ कबुलीजबाब त्यांना सबंध नोकरीत कोणी दिला नव्हता. त्यांनी बाईंचा दुसरा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि त्या बुटाची नाडी सोडायला लागले. तिची गाठ फार घट्ट बसली होती.